पडद्याच्या कडा

घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी द्वारकाबाई त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत. पुसेगावला मी त्यांच्या दारात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा हातातली बॅग खाली ठेवायचीही उसंत मिळाली नाही. "रगत कमी हाय तुझं. लगीन झालं का? मंग बायकोला म्हणाव, मेथी खाऊ घाल. ये आत. मशीन तिकडं हाय."

दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. हिंगोलीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक सोल्डरिंग गन आणि सीडींनी भरलेलं बुटाचं खोकं. बाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. नवरा फार पूर्वी गेला होता. एकुलती एक लेक सुनंदा पुण्यात नोकरीला होती. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत तीही गेली. तिची गादी, तिची पेटी आणि तिचा जुना संगणक टेम्पोतून पुसेगावला आला. तिचे मोठेपणीचे सगळे फोटो त्या संगणकातच होते.

त्या दिवशी पडद्यावरची अक्षरं भाकरीएवढाली झाली होती आणि सुनंदाच्या चेहऱ्यावर जांभळे-हिरवे डाग पडले होते. गावची वीज दिवसातून चारदा जायची, त्यात डिस्प्ले ड्रायव्हर उडाला होता. मी समजावलं, "मावशी, फोटोला काही झालं नाही. तो पडद्यावर कसा दाखवायचा, हे संगणकाला सांगणारा प्रोग्राम बिघडलाय." बाई लगेच म्हणाल्या, "म्हंजे सलाइन भरलेली हाय, शीर सापडून न्हाई राहिली." इतक्या वर्षांत याहून चांगलं मलाही कधी सांगता आलं नाही.

मी संगणकाचं खोकं उघडलं, आतल्या डिस्प्ले कार्डावरचा नंबर वाचला, सीडी शोधली, जुना ड्रायव्हर काढून नवा टाकला. संगणक पुन्हा सुरू झाला आणि सुनंदा हिरव्या साडीत पडदाभर उभी राहिली. बाई खुर्चीतून उठल्या आणि पुन्हा बसल्या. हे फोटो कागदावर काढून आणतो म्हणालो, तर त्यांना पटलं नाही. "कागदावर लेकरू लहान व्हतं. हितं तोंडाएवढं तोंड दिसतंय."

बाईंचा गावात दरारा होता, तो खरं बोलण्याचा. तांड्यावरचा एक गडी पायाची जखम घेऊन आला होता. घरचे लेप लावू म्हणत होते. बाई म्हणाल्या, "बोट जाईन. आज गेलं तं पाय राहीन." तो शिव्या देत निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी गुमान आला. पुढं दर उन्हाळ्यात तो लंगडत यायचा आणि भुईमुगाच्या शेंगा ओट्यावर ओतून जायचा. "तोंडावर सांगावं आन् पाठीवर हात ठेवावा," असं त्या म्हणत. मेलेल्या लेकराची बातमी आईला द्यायची वेळ आली की डॉक्टर बाईंनाच पुढं करत.

वीज जायची, ड्रायव्हर उडायचा, बाईंचा फोन यायचा. अशा तीन खेपा झाल्या. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "दत्ता, कडंनं काळं पडून राहिलं. सुनंदाचं तोंड दिसतं, पदर दिसत न्हाई."

मी पडदा तपासला. चारी कोपऱ्यांपर्यंत लख्ख होता. मी तसं बोलणार, एवढ्यात बाईंचा हात बाजूच्या कपाला लागला आणि चहा सांडला. तो कप त्यांना दिसलाच नव्हता. काय ते माझ्या लक्षात आलं. मोतीबिंदू असेल, मला वाटलं. वयाचा आजार आहे, कधीही काढता येतो. बाई पदरानं टेबल पुसत होत्या. "मशीन गेलं तं लेकरू दुसऱ्यांदा जाईन रे," त्या म्हणाल्या. आणि माझ्या जिभेनं कच खाल्ली. "ड्रायव्हरच आहे मावशी, आत्ता टाकतो," मी म्हणालो.

धडधाकट ड्रायव्हर काढला आणि तोच परत टाकला. उजेड वाढवला, आणि फोटो थोडा लहान करून पडद्याच्या मधोमध आणला. बाई पुढं वाकल्या. "आता बराबर! पदरबी दिसला!" त्या आनंदानं मला पुरतं नासवलं. पुढच्या खेपेला मी फोटो पोस्टकार्डाएवढा केला, त्याच्या पुढच्या खेपेला काडेपेटीएवढा. "मशीन म्हातारं होऊन राहिलं," त्या म्हणायच्या. "हो मावशी, जुनं झालं," मी म्हणायचो, आणि जेवून निघायचो. असं दीड वर्ष चाललं.

मग कळमनुरीला नेत्रशिबिर भरलं. शेजारीण स्वतःचे डोळे दाखवायला निघाली होती, सोबत म्हणून बाई गेल्या. डॉक्टरांनी त्यांचेही डोळे तपासले. मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही. वर्ष-दीड वर्ष आधी आल्या असत्या तर उरलेली वाचवता आली असती, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत राहिलेलीही गेली.

बाईंनी मला बोलावून घेतलं. या वेळी पापणी ओढली नाही. "तवा पडदा चांगला व्हता ना?"

"हो."

"तुला ठावं व्हतं?"

"हो मावशी."

"मंग काहून सांगितलं न्हाई?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "जलमभर मी लोकायला तोंडावर सांगितलं. मला सांगायला एक माणूस न्हाई भेटला." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाल्या, "हिरव्या साडीतला फोटु लाव. काय दिसतंय ते सांग."

मी तो पडदाभर मोठा केला. साडीचा रंग सांगितला, मागची भिंत सांगितली, कानातले झुबे सांगितले. बाईंच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणालो, "गोड हसतेय, मावशी."

"हसत न्हाई ती. त्या दिशी आमचं भांडण झालतं. मी तिला पुण्याला जाऊ देत नव्हते. तोंड फुगवून उभी व्हती. तेच तोंड पाहाचं असतं मला रोज." मग बाईंचा आवाज चढला. "अजूनबी खोटं? आता खरं सांग."

मी पडद्याकडं पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले होते, भुवया आवळलेल्या होत्या, नजर कॅमेऱ्याकडं नव्हतीच. तसं सांगितलं. "व्हय," बाई म्हणाल्या, "असंच," आणि रडू लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी झटकला नाही, एवढंच.

त्यानंतर त्या आठ महिने होत्या. बोलावलं की मी जायचो, आणि ज्या फोटोत सुनंदाचे डोळे मिटलेले, त्यात मिटलेलेच सांगायचो. बाई झोपेत गेल्या. मी पोचेपर्यंत त्यांना नेलं होतं.

आजही कुणी पडद्याची तक्रार घेऊन आलं आणि पडदा चांगला निघाला, तर मी सरळ सांगतो : संगणकाला काही झालेलं नाही, डोळे दाखवून घ्या. काही लोक चिडतात आणि दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ देत. द्वारकाबाई चिडल्या असत्या, दोन दिवस बोलल्या नसत्या, आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं दवाखान्यात गेल्या असत्या.