कारवीचा जांभळा, सोनकीचा पिवळा

दत्तूमास्तर गेल्याचं मला पौडच्या स्टँडवर कळलं. कोळवणची एसटी तेव्हा नवीनच सुरू झाली होती. तिच्या कंडक्टरने तिकिटं फाडता फाडता सांगितलं. मी 'बरं' म्हणालो आणि गाडीत बसलो... अशा वेळी तोंडातून काय निघेल याचा भरवसा नसतो.

आम्ही एकाच शाळेत होतो. मी मराठी शिकवायचो, ते चित्रकला. माणूस हट्टी. डोंगरावर कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. मागच्या फुलोऱ्यात त्यांनी तांब्याच्या कळशीत कारवी आणि सोनकी एकत्र ठेवून तैलचित्र काढायला घेतलं. जांभळा आणि पिवळा काही केल्या नांदेनात. पिवळ्याचा तोरा उतरवायला त्यात ठिपकाभर जांभळा मिसळावा, तर तो मातकट होई. तसाच ठेवावा, तर शेजारच्याला खाऊन टाकी. त्यांच्या पत्नी सोनावहिनी चुलीपुढून बघून म्हणाल्या, "दोगंबी एकदमच बोलत्यात. ऐकायचं कुनी?" मास्तरांनी निमूट रंग खरवडला आणि पुन्हा सुरुवात केली.

त्यात मुळशीचा पाऊस. जवसाच्या तेलातला रंग वाळेचना. वहिनींनी घोंगडी वाळवतात तसं ते चित्र चुलीच्या वर टांगलं. ओल्या रंगावर धूर बसला आणि नवल म्हणजे दोन्ही रंग एका घरचे दिसू लागले. सगळी शाळा बघून गेली, मीही वाहवा केली. मास्तर मात्र खाली नाव घालेनात. मेळ धुराने घातलाय, आपण नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या फुलोऱ्याला स्वतःच्या हाताने जमवायचं, मगच नाव. तोवर तेरडा, शेवंती, झेंडू, मिळेल ते फूल रंगवून हात बसवत राहिले. या हट्टापायी मी त्यांची पुष्कळ थट्टा केली. यंदा भाद्रपदात कारवी फुलली. मास्तर आषाढातच गेले. याचं मला फार वाईट वाटतं.

मुख्याध्यापकांना ते चित्र शाळेत लावायचं होतं, मास्तरांच्या नावासकट. माझं अक्षर बरं, म्हणून मला पाठवलं. वहिनींनी चित्र उतरवून दिलं, कुंचलाही दिला. मी रंगात टोक बुडवलं, तेव्हा मात्र त्यांनी हात आडवा घातला.

"ऱ्हाऊ द्या, भावजी."

चित्र सुंदर आहे, असं मी म्हणालो.

"हाय की. पर त्येंनी जमलं म्हनलं न्हाई. आपुन कसं म्हनायचं?"

मी कुंचला पुसून ठेवला. चित्र आता शाळेत आहे, नावाशिवाय. कुणाचं, असं मुलं विचारतात. अजून पुरं व्हायचंय, एवढंच मी सांगतो.