पप्पांचे पॉइंट

डोंगर भटकायच्या नादात मी आजवर दोन जीपीएस सेट वापरून झिजवलेत. त्यामुळे पप्पांना नवा घ्यायचा म्हटल्यावर मी भलतीच शेफारले. पप्पा उत्तनचे मासेमार. मुठीत मावणारा त्यांचा जुना सेट शेवटच्या घटका मोजत होता. पडद्यावर रोज एक नवी काळी रेघ उमटायची. त्यात त्यांचे कैक वर्षांचे पॉइंट होते, म्हणजे पाण्याखालच्या कुठल्या खडकापाशी मासा लागतो त्या जागा. सेट बंद पडला की सगळे गेले.

भाईंदरच्या दुकानात मी टचस्क्रीनचा, रंगीत नकाशाचा सेट उचलला आणि भाषण ठोकलं. पप्पांनी शांतपणे बाटलीतलं पाणी हातावर ओतलं आणि ओल्या बोटाने पडदा दाबला. नकाशा भलतीकडेच पळाला. मग त्यांनी बटणांचा, जाडजूड, दिसायला अगदी सामान्य सेट घेतला. बटणं ओल्या बोटांनाही नीट दबली, आणि सेल तर कुठल्याही टपरीवर मिळणारे.

"हाच. डोंगरावर हात कोरडे राहतात, बाय. बोटीत न्हाय राहत."

मी टचस्क्रीनचा सेट गुपचूप जागेवर ठेवला.

दुकानदार म्हणाला, "चाचा, पुराना वाला दो, कम्प्यूटर से सब कॉपी कर देता हूँ."

पप्पांनी जुना सेट झटकन शर्टाच्या आत टाकला. "नहीं नहीं. घर पे करेगा."

सख्ख्या भावालाही न सांगितलेले पॉइंट ते दुकानदाराच्या कम्प्युटरात कशाला ठेवतील? पण चष्मा लावूनही त्यांना अक्षांश-रेखांशाचे ते बारीक आकडे दिसत नव्हते. कुणाला तरी दाखवणं भागच होतं.

घरी आल्यावर त्यांनी भरदुपारी खिडकी लावली आणि टीव्हीचा आवाज वाढवला, कारण काका शेजारीच राहतात. मग मी एकेक आकडा आधी कागदावर उतरवला आणि तिथून नव्या सेटमध्ये भरला. पॉइंटांची नावं होती दवाखाना, बँक, शाळा.

"समुद्रात शाळा कुठली, पप्पा?"

"सेट कुणी चोरलाच, तर बसू दे त्याला शोधत!"

मला हसू आवरेना. बँकेत काय मिळतं विचारलं, तर खिडकीकडे बघून ते कुजबुजले, "घोळ." सोन्याच्या भावाने विकला जाणारा मासा.

सगळं भरून झालं. मी कागद फाडायला घेतला, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे तुझ्याकडं. मी न्हाय राहिलो, तर कुणाला तरी ठाऊक हवं ना?"

त्यांना मुलगा नाही याची हळहळ गावाने खूप केली, त्यांनी कधीच नाही. मी उगाच टीव्हीचा आवाज कमी करायला उठले.

संध्याकाळी शांती नगरला माझ्या घरी परतले. मी कपाटात कागद ठेवत होते, तेव्हा नवऱ्याने विचारलं, "कसला गं?"

"पत्ते आहेत," मी म्हटलं. "दवाखाना, बँक, शाळा."