इश्पेमिंगचे प्रोफेसर आणि आमचं बिनविरोध मंडळ

ज्या माणसाविरुद्ध पुढच्या रविवारी निवडणूक लढवायची, त्याच्याच गाडीतून तीन दिवसांच्या सहलीला जावं का? नवरा म्हणाला, "कॅन्सल कर." मी बॅग भरली.

आधी खुलासा करते. मधूकाका निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ आणि मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मंडळ स्थापन झाल्यापासून इथला प्रत्येक अध्यक्ष बिनविरोध आला आहे आणि हे आम्ही छाती फुगवून सांगतो. यंदा मी अर्ज भरला. तेव्हापासून फोन थांबत नव्हते: काका मोठे आहेत, वाद कशाला, सभेत उभी राहा आणि माघार घे. सहल मात्र उन्हाळ्यातच ठरलेली होती. काकांचे जुने शेजारी, कायद्याचे आणि राजकारणाचे इटालियन तत्त्वज्ञ प्रोफेसर रेनातो, आता मिशिगनच्या उत्तर टोकाला इश्पेमिंग गावात राहतात. त्यांची पुस्तकं मी कॉलेजात असल्यापासून वाचते आहे. माझं एकही भाषण त्यांच्या विचारांवाचून पुरं होत नाही. माझा डाव साधा होता: मी बोलण्यापेक्षा प्रोफेसरच काकांना चार शब्द सुनावतील.

शुक्रवारी सकाळी निघालो. यूएस-२३ने फ्लिंट, तिथून आय-७५ धरून सरळ उत्तरेला. ऑक्टोबरात जाणार असाल तर हॉटेल खूप आधी बुक करा. पानांचे रंग बघायला अख्खं मिशिगन बाहेर पडलेलं असतं. ग्रेलिंगच्या पुढे मेपल इतके लाल होते की काकांनी दोनदा गाडी बाजूला घेतली. सरोवरांवरच्या लांबलचक मॅकिनॉ पुलावर चार डॉलर टोल आणि भरपूर वारा. काकांच्या पत्नी मंगलाकाकूंनी मागच्या सीटवर डोळे गच्च मिटले. "संपला की सांगा. आणि मधू, तू ड्राइव्ह करताना व्ह्यू बघू नकोस!"

पुलापलीकडे माणसं विरळ होतात. सेनी गावाच्या पुढे एम-२८ हा रस्ता वळायचंच विसरतो. मैलोन् मैल सरळ, दोन्ही बाजूंना दलदल आणि झाडी. पेट्रोल आधीच भरून घ्या. अशा रस्त्यावर विषय निघणारच.

"अगं, तू बोलतेस फार छान," काका म्हणाले. "माघारीचं भाषणही छान करशील."

"मग तुम्हीच घ्या ना माघार. आभाराचं भाषण त्याहून छान करीन."

"आपल्यात निवडणुका नकोत गं. माणसं दुरावतात."

"काका, निवड नाही तर तिला निवडणूक कशाला म्हणायचं? राज्याभिषेक म्हणा!"

मागून काकू म्हणाल्या, "दोघंही घ्या माघार. मी होते अध्यक्ष. निदान बटाटेवडे तरी गरम मिळतील."

अंधार पडायच्या आत पोहोचलो. हे पथ्य पाळाच, संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात. रात्री पॅस्टी खाल्ली. ही खाणकामगारांची शिदोरी, म्हणजे बटाटा आणि मांस भरलेली हातभर करंजीच. भाजीची पॅस्टीही मिळते, पण विचारावं लागतं. पोर्क चालत असेल तर इथला कुडिगी सोडू नका. लोखंडाच्या खाणीत राबायला आलेल्या इटालियन लोकांनी आणलेलं हे मसालेदार सॉसेज पावात घालून देतात.

त्या खाणकामगारांपैकीच एक प्रोफेसरांच्या पत्नीचे आजोबा. म्हणून हे इथे. शनिवारी सकाळी त्यांनीच दार उघडलं. नव्वदीच्या आसपासचे, काठी हातात, गळ्याशी नीट बांधलेला मफलर. वडील शाळामास्तर. ह्यांनी इटलीतल्या तोरिनो शहरात कायदा शिकला, वकिली सुरू केली, आणि जिंकलेल्या अशिलापेक्षा हरलेल्याचाच विचार मनात घोळतो म्हणून ती सोडून शिकवायला लागले. पुढे मिशिगनमध्ये तीस-पस्तीस वर्षं शिकवलं. त्यांच्या सगळ्या ग्रंथांचं सार मी असं सांगेन: कायदा जिंकणाऱ्यासाठी नसतो, तो हरलेल्याला उद्याही सुरक्षित ठेवण्यासाठी असतो. मधल्या काळात मायदेशी एकदा निवडणूक लढवली आणि सपशेल पडले. ते पोस्टर त्यांनी स्वयंपाकघरात लावलंय, पदव्या मात्र कुठेच दिसल्या नाहीत. केवढा मोठा माणूस!

कॉफी झाली. काकांनी अभिमानाने सांगून टाकलं, "रेनातो, आमच्या मंडळात कधीच कुणी विरोधात उभं राहिलं नाही."

प्रोफेसरांनी कप खाली ठेवला. "माझ्या जन्माच्या थोडं आधी आमच्या गावातही असंच झालं," ते म्हणाले. "हुकूमशहाचा काळ. मतदान होतं, पण उमेदवारांची यादी एकच. हो किंवा नाही एवढंच म्हणायचं. 'हो'ची चिठ्ठी रंगीत, 'नाही'ची पांढरी, बाहेरूनच ओळखू यावी अशी. माझ्या वडिलांनी पांढरी टाकली."

"मारलं त्यांना?" काकूंनी विचारलं.

"नाही. कुणी बोटही लावलं नाही. फक्त चर्चमध्ये त्यांच्या बाकावर त्यानंतर कुणी बसलं नाही. मी लहानपणी त्या बाकावर ऐसपैस झोपायचो. मला वाटायचं, आपण श्रीमंत आहोत."

मी पेटले. लोकशाही, एकमताचा बुरखा, विरोधकाचा हक्क! वक्तृत्व स्पर्धांतले सगळे आवाज मी त्या छोट्या खोलीत लावले. प्रोफेसरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही हरलात तर काय कराल?"

"दुसरं मंडळ काढीन!" मी म्हणाले. क्षणाचाही विलंब नाही.

ते खोकला येईपर्यंत हसले. "मग तुम्हा दोघांचं भांडण कशावर आहे? ह्याला हरलेला माणूस नको आहे, आणि तुम्हाला हरल्यावर तिथे राहायचं नाही. बाक रिकामाच."

काकूंनी बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली. "घे," त्या म्हणाल्या. "तोंड उघडंच आहे."

रविवारी त्याच सरळ रस्त्याने परत निघालो. पूल आला तेव्हा काका समोर बघत म्हणाले, "माघार घेऊ नकोस." मी म्हणाले, "आणि दुसरं मंडळ काढणार नाही."

पुढच्या रविवारी मंडळात पहिल्यांदा मतदान झालं. काकांनी स्वतः सगळ्यांना सांगितलं, चिठ्ठीची घडी घाला, एकमेकांच्या बघू नका. मी हरले. थोडक्यात नाही, चांगलीच हरले. माईक हातात घेऊन काकांचं अभिनंदन केलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण.

खरी परीक्षा नंतर होती. ताट वाढून घेतलं आणि हॉलभर नजर टाकली. ज्यांनी माघारीसाठी फोन केले होते, ते ताटात बघत होते. माझी गाडी दाराशीच उभी होती. ताट ठेवून निघून जाणं किती सोपं होतं, ते त्या क्षणी कळलं. तेवढ्यात अध्यक्षांच्या टेबलावरून काकूंचा आवाज आला, "अगं ए, उभी काय राहिलीस? जागा धरलीय तुझी!" त्यांच्या आणि काकांच्या मधल्या खुर्चीवर त्यांची पर्स होती. त्यांनी ती उचलली. मी जाऊन बसले.

सभेहून घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, मग त्या सहलीतून काय मिळालं? लाल मेपल, पुलावरचा वारा, कुडिगी, सगळं सांगितलं. जरूर जा तुम्हीही, तो रस्ता एकदा तरी बघायलाच हवा. पण माझ्याजवळ राहिली ती खुर्ची. पुस्तकांतून मी प्रोफेसरांकडून विरोध करायला शिकले होते. विरोध करून तिथेच जेवायला बसायचं असतं, हे त्यांच्या घरी जाऊन कळलं.

आणि मधूकाका अजून रोज काकूंना विचारतात, मत कुणाला दिलंस? काकू सांगत नाहीत.