आडाचं पाणी
कडुनिंबाच्या धुराचा वास आला की मला निजामाच्या राज्यातलं ते पटकीचं साल आठवतं. माजलगावजवळच्या आमच्या खेड्यात, बाप्तिस्मा घेतला म्हणून भावकीनं आम्हाला आड बंद केला होता. घरात पटकी झालेला नवरा पाण्यासाठी तळमळत होता. प्रार्थना करून थकले तेव्हा मी घागर घेऊन आडावर गेले. "आदी मरीआईच्या पाया पड, मंग पानी," थोरली जाऊ म्हणाली. मी पाया पडले. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि घागर भरून दिली. धावत येऊन मी त्यांच्या ओठाला तांब्या लावला. त्यांनी माझं कपाळ पाहिलं आणि तोंड फिरवलं. "तू देव इकलास. पिनार न्हाई मी." दिवस मावळायच्या आत ते गेले. मी अजून रोज येशूपुढं गुडघे टेकते. तोंड फिरवून गेलेल्या माझ्या नवऱ्याला मात्र आजवर माफ केलेलं नाही.