एकतिसावा फॉर्म

गेली दोन वर्षं या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी नुसते वाचतेय. बहुतेक वेळा वाचून झालं की मनातल्या मनात त्याचं कारण शोधते — झोप नीट झाली नसेल, वारा असेल, नाहीतर माणूस थापा मारत असेल. आमचे बाबा नांदेडला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. शनिवारी नखं कापायची, अमावस्येला प्रवास करायचा, असलं सगळं आमच्या घरात मुद्दाम केलं जायचं. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड होतंय. पण ज्याच्या बाबतीत हे घडलं त्या बसूची परवानगी घेतलीय, म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वी मी नांदेडला एमबीए करत होते. शेवटच्या वर्षाला मी इनोव्हेशन आणि आंत्रप्रेन्युअरशिप हे स्पेशलायझेशन घेतलं होतं. पेपर कमी, प्रोजेक्ट जास्त. दोघादोघांची टीम करून खरीखुरी वस्तू बनवायची, ती कोण विकत घेईल ते शोधायचं आणि वर्षाच्या शेवटी डेमो डेला परीक्षकांपुढे चालवून दाखवायची. माझा पार्टनर बसवराज — सगळे त्याला बसू म्हणायचे. मूळचा लातूरजवळच्या मुरुडचा, वडिलांचं तिथं किराणा दुकान. हाताला भारी कसब. बंद पडलेला मिक्सर असो की पंखा, उघडून बसायचा आणि चालू करूनच उठायचा. बोलायचा मात्र कमी.

आयडिया त्याचीच होती. अर्धापूरकडे केळीचा घड काढला की खोड बांधावर फेकून देतात, ते तिथंच सडतं. त्या खोडापासून वाख, म्हणजे दोराचे धागे, काढायचं छोटं मशीन करायचं — एका बचत गटाला परवडेल असं. खोडाच्या पट्ट्या फिरत्या रोलरमध्ये घालायच्या, रोलरवरची पाती गर खरवडून टाकतात आणि हातात ओला वाख उरतो. मशीन बसू लातूरला एमआयडीसीतल्या रहीमचाचांच्या वर्कशॉपमध्ये बनवून घेत होता. चाचा त्याच्या वडिलांच्या ओळखीचे. मशीन तयार होईपर्यंत आम्हाला अर्धापूर तालुक्यात पन्नास मुलाखती घ्यायच्या होत्या.

मुलाखतींचा आमच्या मॅडमचा नियम कडक होता. लोकांना मत विचारायचं नाही. ‘असं मशीन आलं तर घ्याल का’ विचारलं की माणूस तोंडावर हो म्हणतो. पुढचं विचारू नका, मागं काय घडलं ते विचारा... हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं.

एकतिसावी मुलाखत अर्धापूरच्या पुढच्या एका गावात झाली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. सकाळचे अकरा वाजले असतील. बसू पलीकडच्या मळ्यात दोन भावांशी बोलत होता, मी केळीच्या बागेला लागून असलेल्या घरापाशी आले. ओट्यावर एक बाई बसली होती. पस्तीस-चाळिशीची, विटकरी रंगाचं लुगडं, डोक्यावर पदर. मी ओळख सांगितली, फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि फॉर्म काढला. तिनं ‘बस माय’ म्हणून सरकून जागा दिली.

सुरुवातीचे प्रश्न नेहमीचेच. मग मी विचारलं, वाख काढायचं मशीन कधी पाहिलंय का?

‘पाह्यलंय की,’ ती म्हणाली. ‘लेकराचा हात गेला त्यात.’

मी जरा दचकले, पण नियम आठवून तपशील विचारत गेले. तिनं सगळं शांतपणे सांगितलं. मशीनवर झाकण होतं. फोटोत पाती दिसत नाहीत म्हणून कुणीतरी ते काढायला लावलं. ओला वाख मनगटाला गुंडाळला आणि रोलरनं हात आत ओढला. शेजारच्या डाळ मिलचा भोंगा नेमका तेव्हाच वाजायला लागला, त्यामुळे पोरानं मारलेली हाक कुणाला ऐकू गेली नाही.

मी विचारलं, इथं डाळ मिल कुठंय? तर म्हणाली, ‘हितं न्हाई. तिकडं लातूरला.’

मी ते सगळं लिहून घेतलं. शेवटचा एक प्रश्न विचारला, त्याचंही उत्तर लिहिलं आणि उठले. बसूला फक्त एवढंच म्हणाले, एका बाईनं कुठल्यातरी अपघाताचं सांगितलं. तो म्हणाला, आपल्या मशीनला झाकण हाय की. रात्री फॉर्म लावताना मी एकतिसाव्यावर पेन्सिलीनं ‘लागू नाही’ लिहिलं, कारण घटना आमच्या तालुक्यातली नव्हती. तो बाजूला टाकला आणि शेवटी एक जास्तीची मुलाखत घेऊन पन्नास पुरे केले.

दीड महिन्यानं मशीन तयार झालं. डेमो डेला आठवडा उरला होता. मॅडमनी सांगितलं होतं की मशीन मंचावर बंद पडलं तर हाताशी व्हिडिओ असू द्या. म्हणून आम्ही लातूरला गेलो. दुपारची वेळ होती. रहीमचाचा नमाजाला गेले होते आणि कामगार जेवायला बाहेर. बसूनं मशीन चालू केलं, मी फोनवर शूट करत होते. दोन-तीनदा घेतलं. पण बघितलं की नुसतं पत्र्याचं झाकण दिसायचं आणि खालून वाख यायचा. मजा येत नव्हती.

मी म्हणाले, ‘झाकण काढ ना, पाती दिसू दे.’

हे मी म्हणाले. मीच म्हणाले. त्या क्षणी मला ती बाई आठवली नाही, तिचा एक शब्दसुद्धा आठवला नाही. बसूनं एकदा माझ्याकडे बघितलं, मशीन बंद केलं, पाना घेतला आणि चार बोल्ट काढले. पुन्हा चालू करणार तेवढ्यात माझ्या फोनची बॅटरी संपत आली. चार्जर बॅगेत होता आणि बॅग फाटकाजवळच्या केबिनमध्ये. तो म्हणाला, तू ये घेऊन, तवर मी दोन पट्ट्या घालून बघतो.

मी केबिनमध्ये असताना भोंगा वाजायला लागला. शेजारच्या मिलचा. लांबलचक, कानठळ्या बसवणारा. मी चार्जर शोधला, पाण्याची बाटली घेतली, चालत परत आले. घाईसुद्धा केली नाही.

पुढचं फार लिहीत नाही. बसू रोलरला टेकून उभा होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. मशीनच्या बटणापर्यंत त्याचा डावा हात पुरत नव्हता. ते मी बंद केलं. भोंगा तेव्हा थांबला... आणि मग बसूचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला.

उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्याचे वडील माझ्याशेजारी बसले होते. ते माझ्या ओढणीवरचं रक्त बघत होते. तेव्हा आठवली ती बाई. झाकण, फोटो, वाख, भोंगा... सगळं ओळीनं.

नांदेडला आल्यावर मी आधी फॉर्म शोधला. होता. अक्षर माझंच, ‘लागू नाही’ही माझंच. शेवटचा प्रश्न सगळ्याच फॉर्मवर तोच असायचा — आणखी काही सांगायचंय का? त्याखाली मी लिहिलेलं मी साफ विसरून गेले होते. तिच्याच शब्दांत होतं :

‘अशीच एक पोरगी आली होती इचारायला. तिला मी आधीच सांगितलं होतं. तिनं लिहून बी घेतलं.’

लिहून घेताना मी याचा अर्थ, दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजची मुलगी येऊन गेली असेल, असा लावला होता.

मग रेकॉर्डिंग ऐकलं. ते चौदा मिनिटांचं आहे. त्यात माझा आवाज स्वच्छ आहे. मी प्रश्न विचारते, थांबते, ‘हं’ म्हणते, ‘मग?’ म्हणते. मधल्या जागांत केळीच्या पानांची सळसळ आहे, लांबून एका ट्रॅक्टरचा आवाज आहे. बाईचा आवाज नाही. एकदाही नाही. माझा भाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणाला, फोन गोंगाट कमी करायच्या नादात कधीकधी लांबचा आवाज पुसून टाकतो. पण ती लांब नव्हती. आमचे गुडघे एकमेकांना लागतील इतकी जवळ होती.

पुढच्या रविवारी मी स्कूटीवर त्या गावी गेले. घर तेच, ओटा तोच. दारात एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. मी काही सांगायच्या आधीच ती हसली.

‘तुमी मागं आला होतात की,’ ती म्हणाली. ‘मी बागेतून बघून राहिले होते. एकट्याच बसून कायतरी लिहून राहिला होतात. म्हणलं, लिहू द्यावं निवांत.’

मी विचारलं, माझ्याजवळ कुणी नव्हतं का? विटकरी लुगड्यातली बाई? घरात सासू, जाऊ, कुणी पाहुणी?

तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. म्हणाली, सासू वारून चार वर्षं झाली, जाऊ औरंगाबादला असते, त्या दिवशी घराला कुलूप होतं. आणि सासूबाई कधी विटकरी नेसल्याच नाहीत, हिरवंच नेसायच्या. फोटो दाखवला. ती नव्हे. अजिबात नव्हे. गावात आणखी पाच-सहा घरी विचारलं. तसं कुणी कुणाला आठवलं नाही, आणि अशा अपघाताचं कुणी ऐकलंही नव्हतं.

डेमो डे आमच्याविना झाला. मी सहा महिन्यांनी दुसऱ्या, अगदी साध्या विषयावर प्रोजेक्ट देऊन डिग्री घेतली. बसूनं कॉलेज सोडलं. मी फोन करायचे, कधी उचलायचा, कधी नाही. फॉर्मबद्दल त्याला सांगायचं धाडस मला अडीच वर्षं झालं नाही.

यंदा गेले मुरुडला. आधी फोन करून, दुपारी, दुकानात गिऱ्हाईक कमी असतं त्या वेळी. त्याचे वडील आत झोपले होते. बसू डाव्या हातानं साखर तोलत होता. चांगलं जमायला लागलंय त्याला. गिऱ्हाईक गेल्यावर मी फॉर्म त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं — बाई, रेकॉर्डिंग, त्या घरची सून, सगळं. तो फॉर्म त्यानं दोनदा वाचला. मला वाटलं होतं की ओरडेल. निदान, तेव्हा का नाही बोललीस, असं तरी विचारेल.

मी म्हणाले, ‘मी त्या रात्री तुला हे नीट वाचून दाखवलं असतं, तर तुझा हात राहिला असता, बसू.’

त्यानं फॉर्मची घडी घातली. बाहेर एसटी गेली, तिची धूळ खाली बसली.

‘न्हाई,’ तो म्हणाला. ‘वाचून दाखवलं असतंस तरी काढलंच असतं मी झाकण. तू म्हनली होतीस ना.’

त्याच्या आवाजात राग नव्हता. तेवढ्यात एक बाई तेलाचा डबा घेऊन आली आणि तो उठला.

ती ओट्यावरची कोण होती, मला माहीत नाही. माझ्याच मनानं रचली म्हणावं, तर डाळ मिलचा भोंगा मनाला दीड महिना आधी कसा ठाऊक? बाबांनाही विचारलं. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढून पुसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘मला सांगता येणार नाही’ असं म्हणाले. फॉर्म आता बसूकडे आहे. मी परत मागितला नाही.