शहाडच्या मैदानावर वाटलेले पेढे

लेकीचा सामना पाहायला शहाडला जायचे, हे मी शनिवारी देवापुढे सांजवात लावतानाच ठरवले. अनघा तिथल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची सहप्रशिक्षिका आहे. या पदावर तिने एक तप काढले. मुख्य प्रशिक्षक या सामन्यानंतर निवृत्त होणार होते, आणि "आता तूच," असे त्यांनीच तिला सांगितले होते.

खोपटहून कल्याणची एसटी धरली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट पडत नाही. आधारकार्ड मात्र हाताशी असावे. भिवंडीमार्गे जाणारा रस्ता मेट्रोच्या कामाने अडलेला, तेव्हा हाताशी वेळ राखूनच निघावे. दुर्गाडीचा किल्ला दिसताच बसल्या जागेवरून देवीला हात जोडले आणि लेकीसाठी मागणे मागितले. एरवी मी मागत नाही. कल्याणला पेढे घेतले आणि शेअर रिक्षाने शहाड गाठले. मैदानाबाहेरच्या टपरीवरचे पोहे बरे, चहा फार गोड.

मैदानावर सावली नाही, टोपी न्यावी. अनघा गुडघे टेकून एका मुलीच्या घोट्याला पट्टी बांधत होती.

"मॅम, एवढी टाइट नका ना! रक्तच थांबेल."

"थांबू दे. गेल्या वेळी सैल बांधली तर रडत बसलेलीस."

अखेरच्या मिनिटांत आपला संघ एका गुणाने मागे होता. खेळ थांबवून मुख्य प्रशिक्षकांनी हलकेच विचारले, "काय करूया गं?" अनघाने फळ्यावर रेघा ओढल्या. तेच त्यांनी भरदार आवाजात मुलींना समजावले. पट्टीवाल्या मुलीने चेंडू जाळीत टाकला आणि सामना जिंकला.

मग बक्षीस समारंभ. तबकात शाल आणि श्रीफळ होते आणि पहिले नाव पुकारले गेले ते अनघाचे. सत्कार म्हणजे पदग्रहणच, अशी माझी खात्री झाली. मी पेढ्यांचा पुडा सोडला.

"काका, कसले पेढे?" शेजारच्या बाईंनी विचारले. त्यांची मुलगी संघात होती.

"माझी लेक आजपासून मुख्य प्रशिक्षक!"

"अगंबाई! मग मी दोन घेणार." एक पेढा त्यांनी लगेच तोंडात टाकला. पुडा साऱ्या रांगेतून फिरला.

तेवढ्यात संस्थेचे चिटणीस बोलू लागले. "या यशात सहप्रशिक्षिकांचाही खारीचा वाटा आहे." पाठोपाठ त्यांनी एका उंच तरुणाला पुढे बोलावले. "हे आपले नवे मुख्य प्रशिक्षक. मॅम त्यांनाही अशीच साथ देतील." टाळ्या झाल्या. त्या खारीच्या पाठीवरून निदान मायेचा हात तरी फिरला होता.

बाईंनी दुसरा पेढा पदराआड केला. "होतं असं, काका," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. समोर भर उन्हात शाल पांघरून अनघा छायाचित्रासाठी हसत होती. तिची नजर माझ्या मांडीवरच्या पुड्यावर गेली आणि तिथेच थांबली.

परतीच्या एसटीत तिने विचारले, "वाटलेत?"

"हो."

"कोणाकोणाला?"

"सगळ्या रांगेला."

"शाब्बास, अप्पा!" ती खळखळून हसली आणि मग कापूरबावडीपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली. तिथे म्हणाली, "सोडू का हो?"

फळाची आशा न धरता कर्म करावे, यावर मी देवळांतून किती निरूपणे केली आहेत. इथे मात्र हिने आशा सोडली तरी फळ कोणी ना कोणी खातच होते.

वाचकहो, रस्ता, खाणे, वाहने यांची माहिती वर दिलीच आहे. मजपाशी काय उरले, तेवढे सांगतो. सोमवारी पहाटे अनघा दाराशी बुटांच्या नाड्या बांधत होती.

"आज कशाला जातेस?"

"त्या सरांना मुलींची नावंसुद्धा माहीत नाहीत, अप्पा."

दार ओढून ती गेली. मी पूजेला बसलो. संकल्पासाठी पळीभर पाणी हातावर घेतले. पण काय इच्छावे, हेच सुचेना. पाणी तसेच ताम्हनात सोडले.