वरामावर निजलेला माणूस

गुहागरच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा माझी ट्रंक टपावर चढवायला आबा स्वतः शिडी चढले. कंडक्टर नको नको म्हणत होता, पण भर दर्यात डोलकाठीवर चढणाऱ्या माझ्या बापाला एसटीची शिडी म्हणजे काय! खाली आई पदराने डोळे पुसत होती आणि मधूनच मला दम देत होती, "घाटावरचा नाय मानवला तर सरळ परत ये गो. पन रडत येव नको, लोकां हसतील." मी अठरा वर्षांची होते. साल चौऱ्याऐंशी असावं. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला निघाले होते.

आमच्याकडे मुलगे मुंबईला जायचे आणि मुली लग्न होऊन जायच्या. शिकायला घाट चढणारी मीच, त्यामुळे नावं ठेवायला वाडीला आयतं निमित्त मिळालं. "पोरगी किरिस्ताव होऊन येणार" असं तुम्हा वाडीकरांपैकीच काहीजणांनी सांगून ठेवलं होतं. मी काही रागवत नाही आता. ज्यांनी नावं ठेवली त्यांच्याही नाती पुढे नर्स झाल्या.

घाटावर पहिलं वर्ष माझं बोलणं ऐकून मुली हसायच्या. त्या झोपायच्या, मी निजायचे. मासे मिळायचे ते नदीतले, चिखलाचा वास येणारे. हळूहळू ड्युटी, वॉर्ड, ड्रेसिंग, नाइट हे शब्द तोंडात बसले आणि माझं मलाच वाटायला लागलं की आपण इथल्या झालो. तेवढ्यात आबा आले. पेशंट म्हणून.

आबा तांडेल होते. मचव्याचं सुकाणू त्यांच्या हाती, खलाशी त्यांच्या शब्दात. तो माणूस माझ्या भावाच्या खांद्यावर हात टाकून वॉर्डात आला तेव्हा मी ओळखलाच नाही. पोटात गाठ होती. घरी आई एकटी म्हणून भाऊ दोन दिवस राहून परत गेला आणि आबा माझ्या हवाली झाले.

आमच्या वॉर्डाच्या शांताबाई सिस्टर रोज संध्याकाळी प्रार्थना झाली की बायबलातली एक गोष्ट सांगायच्या. ऐकायची सक्ती नव्हती. आबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. पण एका संध्याकाळी वादळाची गोष्ट निघाली. येशू आणि त्याचे शिष्य मचव्यातून सरोवरापलीकडे निघालेले, वारा सुटला, पाणी आत यायला लागलं, आणि येशू मात्र वरामावर निजलेला. वराम म्हणजे होडीचं मागचं टोक. मराठी बायबलात तो शब्द तसाच आहे. तो कानावर पडला आणि आबा उठून बसले.

"वरामावर निजला? मग तो तांडेल असनार."

"नाही हो आबा," शांताबाई म्हणाल्या, "तो सुताराचा मुलगा. मासे धरणारे ते शिष्य."

"सुतार वरामावर कशाला निजंल? ती तांडेलाची जागा!"

सगळा वॉर्ड हसला. पुढे शिष्य त्याला हलवून उठवतात, आम्ही मरतोय आणि तुला काहीच कसं वाटत नाही म्हणतात, मग तो उठून वाऱ्याला दटावतो आणि सरोवर शांत होतं, हे सगळं शांताबाईंनी सांगितलं. आबांना त्याचं काही नव्हतं. वारा काय, कधीतरी थांबतोच, म्हणाले. त्यांनी एकच धरून ठेवलं. वाऱ्यात तांडेल निजतो तेव्हा त्याने सुकाणू कुणाच्या तरी हातात दिलेलं असतं, आणि त्या हातावर त्याचा भरवसा असतो. शांताबाईंनी दोन-तीनदा समजावलं आणि सोडून दिलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ऑपरेशन केलं तर कदाचित वाचतील, कदाचित टेबलावरच जातील. नाही केलं तर महिना-दोन महिने, तेवढ्यात घरी नेऊन त्यांना त्यांचा समुद्र दाखव. संध्याकाळपर्यंत सांग. गावात फोन होता तो पोस्टात, आणि त्याची लाइन मेलेली. विचारायचं कुणाला? आबांनाच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "तू ठरव बाय" म्हणाले, पाणी प्यायले आणि चक्क निजले. दुपारच्या त्या गजबजलेल्या वॉर्डात घोरायला लागले.

मला इतका संताप आला! एकोणीस-वीस वर्षांची पोर मी, बापाचं जगणं-मरणं माझ्या गळ्यात टाकून हे घोरतायत. मी त्यांना गदागदा हलवलं. "आबा, तुम्हाला कायच कसा वाटत नाय?"

त्यांनी डोळे किलकिले केले. "सुकानू तुज्या हातात हाय ना? मग मना निजू दे की."

आणि पुन्हा निजले. भीती काही गेली नाही माझी. पण कुणी आपल्यावर इतका विसंबून निजलेलं असलं की घाबरून बसायला सवड राहत नाही. देवावरचा विश्वास म्हणतात तो हाच की दुसरा, मला माहीत नाही. माझ्या वाट्याला आला तो हा. मी जाऊन सांगितलं, ऑपरेशन करा.

आबा त्यातून शुद्धीवर आलेच नाहीत.

"तुमच्या गोष्टीत वारा थांबतो ना?" मी शांताबाईंवर ओरडले. त्या चपला घालून माझ्याबरोबर नदीवरच्या स्मशानात आल्या आणि चिता पेटेपर्यंत माझा हात धरून उभ्या राहिल्या. घरी नेलं असतं तर दोन महिने तरी मिळाले असते का, हे मी आजही स्वतःला विचारते.

तार मिळून आई आणि भाऊ पोचले तेव्हा फक्त राख उरली होती. ती नदीत सोडताना आईने विचारलं, "ही नदी आपल्या दर्याला मिळते ना रे?"

भाऊ बिचारा शाळेत भूगोल शिकलेला. म्हणाला, "नाय गो आये. घाटावरच्या नद्या उलट्या जातात. पार दुसऱ्या दर्याला."

आई नदीच्या पायरीवर बसली. "म्हंजे ह्यो एकटाच तिकडं जानार?" बाराव्यानंतर परत जायचं ठरलं होतं, ती गेलीच नाही. आधी भाड्याच्या खोलीत, मला नोकरी लागल्यावर माझ्या क्वार्टरमध्ये राहिली, नदीतल्या माशांना नाक मुरडत का होईना, खात राहिली. भाऊ दर मे महिन्यात न्यायला यायचा आणि एकटाच परतायचा. शेवटी तिलाही मी त्याच पाण्यात सोडलं.

तुम्ही विचारता, आता रिटायर झालीस, घरी कधी येतेस? येते की. भावाकडे उतरते, किनाऱ्यावर बसते. समुद्र तसाच आहे, देखणा. पण माझी माणसं त्यात नाहीत. ती उलट दिशेला गेली.